हाताला येणारं छप्पर

आमच्या भागात घरावर स्लॅब पडला की माणूस सुटला असं धरतात. सकाळी मिक्सर येतो, घमेल्यांची साखळी लागते, गल्लीतली पोरं खडीच्या ढिगावर चढून बसतात, दुपारी सगळ्यांना जेवण. संध्याकाळी मालकाच्या तोंडावर मुलीचं लग्न लावून दिल्यासारखं समाधान असतं. पत्रा घातला तर लोक ‘सध्यापुरता’ म्हणतात. आणि मागची खोली कौलारू करणार म्हटलं की सरळ विचारतात, “काय गा, पैसे कमी पडले काय?”

पैसे कमी होतेच. पण जास्त असते तरी मी कौलंच घातली असती, आणि का ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर खानापूर तालुक्यात, बेळगावहून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्या चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगळुरी कौलं. मागं परसात आईला एक खोली हवी होती: चूल, सरपण, भांडी घासायला मोरी, आणि पावसात कपडे वाळत घालायला एक दोरी. घरात गॅस आहे. तरी आंघोळीचं पाणी, भाकरी आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो, आणि धूर घरात नको. कौलांच्या फटींतून धूर आपसूक निघून जातो. स्लॅबखाली चूल पेटवा, दोन वर्षांत छत कोळसा होतं. झालं, निम्मा निर्णय इथंच लागला.

उरलेला निम्मा गळतीनं लावला. छप्पर कुठलंही असो, आमच्याकडं ते एक ना एक दिवस गळणार. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा घाटमाथ्यावर येतो; मलप्रभा कणकुंबीला उगवते ती उगाच नाही. याच जिल्ह्यात अथणीकडं पावसाची वाट बघतात, तिकडच्या जुन्या घरांवर सपाट मातीचं माळवद चालतं. आमच्याकडं ते एका पावसात खाली येईल. स्लॅब गळायला लागला की पाणी शिरतं एकीकडं आणि टपकतं भलतीकडं, लोखंडाच्या कडेकडेनं वाट काढत. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, पावडर-केमिकल ओततो, पैसे घेतो. पुढच्या पावसाळ्यात डाग दोन हात सरकलेला असतो. त्यालाही तो स्लॅब आतून दिसत नाही, मालकालाही नाही. कौलाचं तसं नसतं. भरदुपारी आत उभं राहून वर बघायचं. जिथून उजेड टोचतो तिथं कौल सरकलंय. खालून काठीनं ढोसललं तरी बऱ्याचदा जागेवर बसतं. फुटलं असेल तर तेवढंच बदलायचं. ज्या छपराचं दुखणं मालकाला कळत नाही आणि कळलं तरी हात लावता येत नाही, ते आपलं कसं म्हणायचं, हा माझा साधा सवाल होता. त्याला गावात कुणी उत्तर दिलं नाही, सगळ्यांनी “बघ बाबा” म्हटलं.

खोली आठ फूट रुंद, वीस फूट लांब. त्यावर पाच इंची स्लॅब टाकला असता तर नुसत्या स्लॅबचं वजन साडेचार टनांच्या वर गेलं असतं. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पुढं वळचणीपर्यंत, म्हणजे भिंतीबाहेर येणाऱ्या कडेपर्यंत धरून कौलं लागतात सुमारे तीनशे. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे कोरडं वजन साडेसातशे किलो. ओली झाली की थोडं वाढतं. आणि रंगीत पत्रा? तोच पसारा, पण नव्वद-शंभर किलोंत काम. पत्रा हलका म्हणून सोपा, खरं हलका म्हणूनच एप्रिल-मेच्या वळवात तो उडतो. वारा नुसता ढकलत नाही, छपराच्या पलीकडच्या अंगाला वर ओढतोही. आमच्या खालच्या आळीतला एक गोठा असाच उघडा पडला. पत्र्यांचे स्क्रू होते, वायसरही होते, पण खालचे पाइप भिंतीला कशानंच धरलेले नव्हते. पत्रे पाइपांसकट शेतात. कौलांना वजन असतं, आणि मधेमधे फटी असल्यानं वाऱ्याला वाट मिळते. एखाद-दुसरं उडेल, पण सगळं पाखं एकदम जात नाही.

पत्र्याला नावं ठेवली, तर त्याचं एक सांगून टाकतो, कारण घालणारे घालणारच. आमच्याकडं पावसाचा वारा पश्चिमेचा. म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला घालायचा आणि पश्चिमेकडं सरकत यायचं, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडं पाठ करून राहते. स्क्रू पत्र्याच्या माथ्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगटात नाही. एवढं पाळलं तरी निम्मी गळती कमी.

आता खोलीची रुंदी. मला दहा फूट हवी होती. कागदावर दहा फूटच काढली होती, आणि छपरानं ती आठ केली. कसं ते बघा. मागच्या बाजूला जुन्या घराची वळचण खाली उतरलेली. नवं पाखं तिच्या खाली घ्यायचं तर वरचं टोक जुन्या जमिनीपासून नऊ फुटांवर येत होतं. मंगळुरी कौलाला उतार लागतो. आमच्या पावसाला ३० अंशांच्या खाली गेलं की वाऱ्यासोबत येणारं पाणी कौलाच्या खाचेतून उलटं वर चढून आत येतं. ३० अंशांत दर फुटाला जवळजवळ सात इंच उतार जातो. दहा फुटांत पावणेसहा फूट! म्हणजे बाहेरची भिंत सव्वातीन फुटांची. आत माणूस जाणार की कोंबड्या? नशीब एवढंच की परसाची जमीन मागं उतरती आहे. नवी जमीन दोन पायऱ्या खाली, दोन फूट, घेतली. नऊचे अकरा झाले. आठ फूट रुंदीला साडेचार फुटांच्या थोडं वर उतार गेला, बाहेर सहा फूट चार-पाच इंच उरले. दहाच फूट धरून बसलो असतो तर जेमतेम सव्वापाच फूट, म्हणजे दारात रोज कपाळमोक्ष. वाढीव खोली काढणारे बहुतेक लोक आधी जमिनीवर चुन्याची रेघ मारतात आणि छपराचा विचार भिंती उठल्यावर करतात. मग उतार कमी पडतो आणि नाइलाजानं पत्रा येतो. गावात फिरून बघा, किती मागच्या खोल्यांवर पत्रा याच कारणानं आलाय.

पंचायतीचं काम लवकर उरकलं. ई-स्वत्तूचे, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ कन्नडात असतात. माझं कन्नड बोलण्यापुरतं. मुलगी शाळेत शिकते, तिनं हद्दी वाचून दाखवल्या, वर माझे उच्चारही सुधारले.

पाया आणि भिंती मी केल्या नाहीत, हे आधीच सांगतो. बैलहोंगलकडचा गवंडी होता, त्याच्याबरोबर दोन माणसं. मी आणि मेव्हणा बिगारी. पाया खोदणं, सोलिंग, चिरे वाहणं, माल कालवणं, पाणी मारणं एवढं आमचं. इथं एकाच गोष्टीवर मी अडून बसलो: नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवायची नाही. गवंड्याला सवय, जुन्या भिंतीत एकाआड एक चिरा काढून दात करायचे आणि नवी भिंत त्यांत अडकवायची. दिसायला भक्कम दिसतं. पण जुनं घर साठ-सत्तर वर्षांत बसायचं तेवढं बसलेलं आहे, नवा पाया अजून बसायचाय. तो जरा जरी खाली गेला की दाताशी तडा. मी मध्ये बोटभर फट ठेवायला लावली आणि नव्या छपराचं ओझं जुन्या मातीच्या भिंतीवर न टाकता तिच्या अंगाला वेगळे लोखंडी खांब उभे केले. फटीवर जुनीच वळचण येते, पाणी तिथं पोचतच नाही. गवंडी मान हलवत राहिला. दुसरी गंमत मापाची झाली. जुनी भिंत वीस फुटांत दीड इंच पोटात गेलेली. मी दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस, मला चैन पडेना. तीन-चार-पाचनं काटकोन काढला, दोन्ही कर्ण मोजले, परत मोजले. गवंडी ओळंबा खिशात घालत म्हणाला, “बरोबर ऐती सावकार, बिड्री.” बरोबर आहे मालक, सोडा आता. आणि खरंच बरोबर होतं. नवं छप्पर स्वतःशी काटकोनात असलं की झालं. जुन्या भिंतीचं पोट वळचणीखाली कुणाला दिसत नाही.

माल कालवताना एक बघितलं. बिगारी पाणी जास्त घालतात, कारण पातळ माल ओढायला सोपा जातो. पन्नास किलोच्या पोत्याला काँक्रीटमध्ये पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरे. त्याच्यावर गेलं की जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागं भोकं राहतात. नंतर मात्र पाण्यात कंजूषपणा करायचा नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी घेऊन घट्ट होतं, म्हणून निदान सात दिवस, आणि राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस, ओलं ठेवायचं. ते काम आईनं स्वतःकडं घेतलं. आमच्यापैकी कुणावर तिचा विश्वास नव्हता.

कौलं जुनीच आणली. लोक स्लॅब टाकायला जुनी घरं उतरवतात, तेव्हा कौलांचे ढीग परसात रचून ठेवतात आणि गिऱ्हाइकाची वाट बघतात. नवी मिळतात, पण जुनी भाजलेली माती वेगळीच. उचलायची, बोटाच्या पेरानं ठोकायची. खणखणली तर घ्यायची, भदभद वाजलं तर बाजूला. काही रात्रभर भिजवून आधी-नंतर तोलून बघितली. पाणी फार पिणारी माझ्या ढिगात आली नाहीत. पाठीवर कारखान्याची नावं उठवलेली असतात, ती वाचत बसलं की वेळ जातो. या कौलाची गोष्ट मंगळूरची. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या जर्मन-स्विस लोकांनी १८६५ साली तिथं कौलांचा कारखाना काढला, साचा युरोपातल्या खाचांच्या कौलांचा. तो किनाऱ्यावर पसरला, घाट चढून आमच्याकडं आला आणि आधीच्या नळीच्या कौलांना त्यानं हाकलून लावलं. खानापूरची मातीही कौला-विटांना नावाजलेली. ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था खानापुरात निघाली ती या मातीमुळंच. एक काळजी घ्यायची: सगळी कौलं एकाच साच्याची हवीत. दोन कारखान्यांची मिसळली तर खाच खाचेत बसत नाही. स्वस्तात मिळतात म्हणून दोन घरची उचलली तर पुढं पस्तावायला होतं.

मग लोखंड. लाकूड परवडलं नसतं, आणि घरचं झाड तोडायलाही बऱ्याचदा वनखात्याची परवानगी लागते. वासे, आडवे पाइप, कौलं टेकायच्या रीपा, सगळं चौकोनी पाइपात केलं. वेल्डिंग मी केलं. शॉपमधलं वेल्डिंग आणि गावातलं वेल्डिंग यांत फरक आहे. संध्याकाळी सगळीकडं दिवे लागले की व्होल्टेज पडतं आणि रॉड पाइपाला चिकटून बसतो, म्हणून सकाळी लवकर उठून जोडायचं. पाइपांची उघडी तोंडं बंद करायची, नाहीतर आत पाणी जाऊन गंज आतून खातो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. रेड ऑक्साइड पाइप खाली असतानाच मारून घ्यायचा. वर चढून मारू म्हणणारे खालची बाजू विसरतात.

रीपांच्या मापावर मात्र मला गुरू भेटला. आमच्या गावात एक आबा आहेत. पूर्वी मृगाच्या आधी गावभर कौलं परतायला त्यांनाच बोलवायचे. आता गुडघ्यांमुळं वर चढत नाहीत. मी टेप घेऊन रीपांच्या खुणा करत होतो, तेव्हा ते येऊन बसले.

“काय करूलास गा?”

“रीपांचं माप, आबा. साडेबारा इंच.”

“कुणी सांगितलं साडेबारा?”

मी गप्प. माहिती होती तशी. कौलाच्या लांबीतून खाचेचा भाग वजा केला होता.

“टेप ठेव तिकडं. कौल सांगतंय की.”

त्यांनी ढिगातली अकरा कौलं जमिनीवर एकाखाली एक लावायला सांगितली, खाचेत खाच घालून, उलटी. आधी सगळी खाली ओढून ताणली, जेवढी सुटतील तेवढी. पहिल्याच्या नाकापासून शेवटच्या नाकापर्यंत लांबी बांबूच्या काठीवर घेतली, कोळशानं रेघ. मग तीच कौलं घट्ट दाबून पुढं सरकवली, परत रेघ. दोन रेघांत चांगलं अंतर पडलं. जुन्या साच्याची कौलं खाचेत बरीच हलतात. आबांनी दोहोंच्या मधोमध विळ्यानं खाच पाडली आणि सगळ्या काठीचे दहा सारखे भाग करून प्रत्येकाला खाच दिली. मग म्हणाले, काठी वळचणीला टेकव आणि वासा धरून सगळ्या खुणा एकदमच उतरव. एका रीपेपासून दुसरी मोजत जाऊ नको.

हेच आमच्या शॉपमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. सगळी मापं एका शून्यापासून घ्यायची. एकापुढं एक मोजत गेलं आणि दर वेळी दोन मिलिमीटर चुकलं, तरी वर पोचेपर्यंत दोन सेंटिमीटर होतात आणि शेवटची ओळ खाचेत बसत नाही. आम्ही त्याला ड्रॉइंग लावतो, आबांनी बांबूला विळा लावला. फरक एवढाच की त्यांच्या काठीत कौलाची ढिलाई आधीच धरलेली होती. माझ्या साडेबारात ती नव्हती.

घालताना वळचणीपासून वर जायचं. सगळ्यात खालची रीप इतरांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच लागते. बाकी प्रत्येक कौल आपल्या खालच्या कौलावर टेकतं, पहिल्याला टेकायला कुणी नसतं. ती उंची दिली नाही तर पहिली ओळ नाक खाली घालते आणि दुसऱ्या ओळीत फट पडते. मी तिथं एकावर एक दोन पाइप टाकले. मेव्हणा खालून कौलं द्यायचा, मुलगी मोजायची, आबा अंगणातून ओरडायचे, “डावीकडं दाब! डावीकडं गा!” पाय कौलाच्या पोटावर ठेवायचा नाही, खाली रीप असेल तिथं, तेही आडवी शिडी टाकून. दर चौथ्या ओळीला तारेनं बांधलं, कारण लोखंडी रीप लाकडापेक्षा गुळगुळीत असते, कौल सरकायला बघतं.

पाण्याचा हिशोब लोक करत नाहीत, तो मी मुद्दाम केला. जुन्या मागच्या पाख्याचं पाणी आता नव्या पाख्यावर पडणार. दोन्ही मिळून आडव्या मापात चाळीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्याकडं तासाला पन्नास मिलिमीटर काही नवलाचा नाही. म्हणजे तासात दोन हजार लिटर, सगळं एका वळचणीवर. बाजारात मिळणारी नाजूक पीव्हीसी पन्हळ त्यापुढं टिकत नाही. मी जाड पत्र्याची रुंद पन्हळ वाकवून घेतली, दोन्ही टोकांना उतार दिला आणि पाणी नारळाच्या आळ्यात सोडलं.

आता माकडं. कौलांच्या विरुद्ध गावाकडं खरा मुद्दा हाच आहे, आणि तो खोटा नाही. फणसाच्या दिवसांत टोळी येते, छपरावरून धावते, चार-सहा कौलं जातात. बरीच घरं कौलांवरून पत्र्यावर गेली ती माकडांमुळंच, हौस म्हणून नव्हे. काहीजण कौलांवर जाळी ताणतात, काही कुत्रा पाळतात. आमचा कुत्रा माकडं आली की चुलीपाशी जाऊन बसतो. मी उपाय शोधलेला नाही, मी जास्तीची कौलं ठेवलीत.

शहरातले मित्र फोटो बघून विचारतात, सगळं स्वतः केलंस? नाही. भिंती गवंड्याच्या, काठी आबांची, पाणी आईनं मारलं, वायरिंग इलेक्ट्रिशियननं केलं. ओल्या मोरीजवळ वायर खेळवायचं धाडस मी करणार नाही आणि कुणी करू नये. पूर्वी कौलं परतायची तरी एकटा कोण परतायचा? आज तुमच्याकडं, उद्या माझ्याकडं, असंच चालायचं. माझा आग्रह एवढाच होता की पुढची पंधरा-वीस वर्षं वर काही झालं तर कुणाला फोन न करता मला शिडी लावता यावी.

तुम्ही घालणार असाल तर एक ऐका: शंभराला दहा या हिशोबानं कौलं जादा घ्या, त्याच ढिगातली, त्याच साच्याची. नंतर ती मिळत नाहीत. आणि ती उभी, कडेवर रचून ठेवा, आडवी एकावर एक नको. आमची जादा तीस कौलं चुलीमागं ठेवायची असं ठरलं होतं. आईनं तिथं सरपण लावलंय, कौलं गोठ्यात गेलीत, आणि आबा परवा येऊन त्यातली दोन मागून घेऊन गेले. कुणाच्या तरी घरी बसतात का बघायला.